किक सगळ्यात शेवटी: पडून असलेली जुनी मोटरसायकल घेताना आणि जागी करताना

कोल्हापूर जिल्ह्यात गोठ्यात, मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत, पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली अजून बऱ्याच गाड्या उभ्या आहेत. कुणाची यझदी, कुणाची राजदूत, कुणाची बुलेट. अशी गाडी बघायला गेलं की मालक पोतं बाजूला काढतो, सीटवर फडकं मारतो आणि म्हणतो, "मारा की किक. आण्णा हुते तवर एका किकला लागत हुती." आणि नवखा माणूस चढून किक मारतो.

ती किक मारू नका. बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल कधीच उतरलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेला गंज धरलेला असतो. कोरड्या किकने तोच गंज भिंतीवरून खरवडत वरखाली फिरतो. बुलेटचा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटला असेल तर पुशरॉड वाकतो. गाडी वीस वर्षांत जेवढी खराब झाली नाही तेवढी त्या पाच मिनिटांत होऊ शकते. म्हणून पुढचा सगळा क्रम असा लावला आहे की किक सगळ्यात शेवटी येते.

आधी कोणती गाडी, ते ठरवा

पहिल्या प्रयोगाला दोन-स्ट्रोक, एक सिलिंडरची गाडी बरी. जावा-यझदी किंवा राजदूत १७५. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, सगळं डोळ्यांना दिसतं आणि साध्या पान्यांनी उघडतं. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा बनवली, सत्तरच्या दशकात तिचं नाव यझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा नावाने ज्या गाड्या मिळतात त्या चार-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या आहेत. त्यांचा पार्ट जुन्या गाडीला लागत नाही, हे दुकानात जाण्याआधी माहीत असू द्या.

बुलेट ३५० घ्यायला हरकत नाही, पण जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. सवय होईपर्यंत ती शहरात नेऊ नका. दोन सिलिंडरची राजदूत ३५० पहिल्या खेपेला नको, तिचे पार्ट महाग आणि दुर्मीळ आहेत. आरएक्स १०० ला आता इतकी मागणी आहे की नंबर खोडलेली गाडी गळ्यात पडण्याचा धोका मोठा. ती घ्यायचीच असेल तर खाली कागदांबद्दल जे लिहिलं आहे ते दोनदा वाचा.

शोधायचं कुठे? गावातल्या दूध डेअरीवर. राजदूत ही दूधवाल्यांची गाडी होती. सकाळी संकलनाच्या वेळी दोन म्हाताऱ्या माणसांना विचारलं की कुणाच्या घरी काय उभं आहे ते कळतं. दुसरी वेळ दसऱ्याची. खंडेनवमीला लोक बंद गाडीसुद्धा बाहेर काढून धुतात आणि हार घालतात. तेव्हा ती दिसते, आणि घरातल्यांच्या मनात तिचा विषयही निघतो. पण सणाच्या दिवशी सौदा काढू नका. गाडी बहुतेक वेळा वडिलांची किंवा थोरल्या भावाची असते. चार दिवसांनी जा, बसा, चहा घ्या, ती गाडी कुणी कशी वापरली ते ऐका. त्या बोलण्यातच ती का बंद पडली तेही समजतं, आणि तुम्हाला ते सगळ्यात आधी हवं आहे.

कागद

इंजिन जाम असलेली गाडी मी घेईन. कागद नसलेली घेणार नाही, कितीही देखणी असली तरी.

आरसी बुक हातात घ्या आणि चेसिस नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा. नंबरावर मळ किंवा रंगाचा थर असेल तर डिझेलच्या बोळ्याने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. घासलेला नंबर आरटीओत संशयास्पद ठरतो. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. तो जपून ठेवा, पुढेही लागतो. मग गाडीचा नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर टाकून बघा. १९८९ च्या आधीच्या गाड्यांचे नंबर 'एम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचे आहेत. त्यातल्या बऱ्याच नोंदी संगणकावर चढलेल्याच नसतात. अशा वेळी मूळ आरसी घेऊन आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. मूळ आरसी नसेल तर हे काम फार अवघड होतं.

आता चार प्रश्न विचारा. आरसीवर नाव असलेला माणूस हयात आहे का? असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या. नसेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने हस्तांतरण, आणि बाकीच्या वारसांची संमती. पुण्यात राहणारी एक बहीण सही द्यायची राहिली म्हणून सौदा अडतो, असं होतं. दुसरा प्रश्न: आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आहे का? कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलेलं असतं पण नोंद तशीच राहते, आणि मधल्या काळात ती पतसंस्था दुसऱ्या कुठल्या संस्थेत विलीन झालेली असते. फॉर्म ३५ वर त्यांचीच सही लागते, ती आणून देणं विकणाऱ्याचं काम आहे. तिसरा: नोंदणीची मुदत कधी संपली? नोंदणी पहिली १५ वर्षं, मग फॉर्म २५ भरून दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासोबत पर्यावरण कर. किती थकबाकी आणि दंड बसेल ते सौद्याआधी आरटीओत विचारा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. चौथा प्रश्न निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या गाडीसाठी: केए-२२ किंवा केए-२३ ची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला कर. अंतर कमी असलं तरी राज्य बदलतं.

नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी चालत न्यावी लागते. म्हणजे आज सौदा झाला तरी आरटीओत तुम्ही काही महिन्यांनीच उभे राहणार. म्हणून पैसे देतानाच सगळ्या सह्या, ओळखपत्राच्या प्रती आणि स्टॅम्प पेपरवर विक्रीचा करार घेऊन ठेवा.

गाडीला ५० वर्षं पूर्ण झाली असतील तर जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. तुम्हाला रविवारी पन्हाळ्याला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

गाडी बघताना: पुराचं पाणी शोधा

खिशात टॉर्च, प्लग पाना, एक छोटं चुंबक आणि फडकं असू द्या. चुंबक टाकीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली आहे.

कोल्हापुरात सगळ्यात महत्त्वाची तपासणी पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेकाठच्या, शिरोळ-कुरुंदवाड भागातल्या हजारो गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या कित्येक धुऊन, पुसून, "नुसती पडून हाय" म्हणून विकल्या गेल्या. कोरड्या गोठ्यात वीस वर्षं उभी असलेली गाडी आणि दोन दिवस पुरात बुडालेली गाडी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. गाळ क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेला की इंजिन पूर्ण उघडावंच लागतं.

बाहेरून धुतलेला गाळ आत राहतो. हेडलाइटची रिंग सोडवा आणि वाटीच्या तळाला बोट फिरवा. नदीचा गाळ वाळला की पिठासारखा मऊ आणि करडा होतो, रस्त्याची धूळ हाताला खरखरीत लागते. मग टूलबॉक्सचे कोपरे, सीटच्या फोमचा खालचा भाग, एअर फिल्टरचा डबा बघा. डब्याच्या आत पत्र्यावर आडवी, सरळ गंजरेघ दिसली तर पाणी तिथपर्यंत उभं राहिलं होतं. अशी गाडी घ्यायची तर पूर्ण इंजिनाचा खर्च धरूनच भाव करा.

गोठ्यातली गाडी वेगळ्या तऱ्हेने खराब होते. जनावरांच्या मुताच्या वाफेने तांब्या-पितळेचे भाग हिरवे पडतात, वायरींची टोकं कुजतात. युरियाच्या पोत्यांना टेकून उभी असेल तर त्या बाजूचा पत्रा आणि ॲल्युमिनियम पोखरलेलं असतं, त्याच बाजूने नीट बघा. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडच्या गाडीचे आरे आणि रिम हाताने दाबून बघा, तिकडचा पाऊस रिमच्या आतून खातो.

तुटका दिवा, फाटकी सीट, उडालेला रंग यांची काळजी करू नका. पण मूळ टाकी, मडगार्ड, कार्बोरेटर, डायनामो हे जागेवर आहेत का ते मोजून घ्या. हरवलेल्या सुट्या भागांवरच पुढे सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ जातो. "डब्यात हाय सगळं" म्हटलं तर डबा उघडून बघा आणि गाडीबरोबरच घेऊन या.

आणताना छोटा हत्ती करा. दोरीने ओढून आणू नका, जाम ब्रेक आणि तडकलेल्या टायरवर ती कधी आडवी होईल सांगता येत नाही.

इंजिन हाताने फिरतं का?

गाडी स्टँडवर घ्या. प्लगच्या भोवतालची माती ब्रशने झाडा, मगच प्लग काढा, नाहीतर ती सरळ आत पडेल. टॉर्चने आत बघा. प्लगच्या भोकातून टू-टी ऑइल (दोन-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) आणि डिझेल निम्मं-निम्मं, अर्धी वाटीभर सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. बुलेट असेल तर टू-टीऐवजी इंजिन ऑइल घ्या.

दुसऱ्या दिवशी टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलकेच डोलवा. जावा-यझदीत किकचा आणि गिअरचा लिव्हर एकच असतो, तो गिअरच्या जागेवर आहे याची खात्री करा. टॉप गिअरमध्ये चाकाकडून इंजिनावर सगळ्यात जास्त जोर मिळतो, म्हणून तोच. इंजिन हललं तर छान. थोडं हलून अडलं तर तिथेच थांबा, उलट फिरवा, पुन्हा तेल सोडा. रोज थोडं थोडं. अंगातली ताकद इथे उपयोगाची नाही.

दोन-स्ट्रोकमध्ये एक अडचण येते. पिस्टन खाली जाम असेल तर पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, उघडे राहतात आणि ओतलेलं सगळं तेल सायलेन्सरकडे वाहून जातं. तेल कुठे गेलं असं वाटलं तर सायलेन्सरच्या जोडाखाली बघा. अशा वेळी हेड आणि सिलिंडर उतरवण्याची तयारी करा. पिस्टनवर लोखंडी हातोडा कधीही नाही. लाकडाचा ठोकळा, हलके ठोके आणि मधे मधे तेल.

सिलिंडर काढावाच लागला तर तो घेऊन शिवाजी उद्यमनगरात जा. या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. ऑइल इंजिनं आणि फौंड्रीच्या कामावर वाढलेला हा भाग आहे, इथे लेथवर आणि बोअरिंगवर बसणारी माणसं धातू हाताच्या स्पर्शाने ओळखतात. पिस्टन आधी विकत घ्या, तो बरोबर न्या, आणि त्याच पिस्टनला मापून सिलिंडर बोअर करायला, म्हणजे आतून कातून मोठा करायला सांगा. ओव्हरसाइज पिस्टन साधारण पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. गंजाचे खड्डे जातील तेवढाच बोअर करा, पुढच्या वेळेसाठी माल शिल्लक राहिला पाहिजे.

इंजिन मोकळं फिरलं तरी दोन-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील बदला. याबाबत माझं मत ठाम आहे. जुनं रबर वाळून दगडासारखं झालेलं असतं. जावा-यझदीत क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि गल्लीभर पांढरा धूर होतो. डायनामोच्या बाजूचं गेलं तर हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, रेस आपोआप चढते आणि पिस्टन गरम होऊन धरतो. सील बदलायला एका बाजूचा क्लच आणि दुसऱ्या बाजूचा डायनामो उतरवावा लागतो. उतरवलाच आहे तर चिकटलेल्या क्लच प्लेटाही सुट्या करून घ्या. सील स्वस्त आहेत, सिलिंडर नाही.

बुलेटवाल्यांनी रॉकरची झाकणं काढून, इंजिन हळू फिरवत, दोन्ही व्हॉल्व्ह वरखाली होतात का ते डोळ्यांनी बघावं. जुनं तेल टाकीतून झिरपून क्रँककेसमध्ये साचलेलं असतं, ते सगळं काढून नवीन भरावं. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचचं तेल वेगवेगळं असतं, तिन्ही बदलावीत. रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट थोडा सैल करून, प्लग काढलेल्या इंजिनाला सावकाश फिरवत राहावं. तिथे तेल दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टाकी आणि कार्बोरेटर

टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलऐवजी जुन्या वार्निशचा कडवट वास येतो, तळाला लाल भुकटी आणि काळा चिकट राळ. हे गटारात किंवा नाल्यात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जळक्या ऑइलबरोबर भंगारवाल्याकडे द्या.

टाकी साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, पेट्रोलचा वास पूर्ण गेला पाहिजे. मग मूळ रंग वाचवायचा असेल तर विजेने गंज काढण्याची रीत उत्तम. टाकीत पाणी भरा, चार-पाच लिटरला एक चमचा या हिशेबाने धुण्याचा सोडा घाला. तोंडातून एक लोखंडी सळई आत सोडा, ती टाकीला कुठेही टेकता कामा नये. १२ व्होल्ट चार्जरची ऋण वायर टाकीला आणि धन वायर सळईला. एक दिवस ठेवा, मधे सळई पुसा. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगी आणि विडी-सिगारेटपासून लांब. वायरी जोडताना-काढताना चार्जर आधी बंद करा. टाकी धुऊन लगेच वाळवा आणि आत थोडं ऑइल फिरवा, नाहीतर तासाभरात नवा तांबूस गंज येतो.

कार्बोरेटर उघडून जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवा. भोकात पोलादी तार घालू नका, भोक मोठं होतं. तांब्याच्या वायरीतला एक तंतू पुरतो. पितळी फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटका आहे. पेट्रोलचे पाइप आणि कॉकची वॉशरं नवीनच टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुनं रबर फुगतं आणि गळतं. एअर फिल्टर आणि सायलेन्सरमध्ये उंदराची घरं आणि कुंभारीण माशीचे मातीचे गोळे हमखास सापडतात, तेही काढा.

ठिणगी

जुनी बॅटरी काढून टाका. उंदराने कुरतडलेली वायरिंग टेप गुंडाळून चालवू नका, नवीन ओढा आणि फ्यूज घाला. बहुतेक जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, १२ ची बॅटरी लावू नका.

पॉइंटचं झाकण उघडा. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी दोन टोकं. दोन्ही टोकांवर करडा थर बसलेला असतो आणि त्यातून वीज जात नाही. बारीक पॉलिश पेपरची पट्टी मधे धरून दोन-चार वेळा ओढा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेल्या कोऱ्या कागदाने पुसा. टोकं पूर्ण उघडलेली असताना फीलर गेजने फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवा. कंडेन्सर नवा टाका. प्लग टोपीत बसवून हेडला टेकवा, उजेडापासून आडोसा करा आणि इंजिन फिरवा. ठिणगी निळसर आणि 'टच्' आवाज करणारी हवी. पिवळट, लुकलुकणारी असेल तर कॉइल आणि अर्थिंग तपासा. टाकी आणि उघडं पेट्रोल त्या वेळी जवळ नको.

थांबण्याची सोय आधी

चालू झालेली गाडी थांबली पाहिजे. दोन्ही ड्रम उघडा. जुन्या ब्रेक शूचं लायनर वरून जाड दिसतं पण डिंक सुटलेला असतो, नखाने उचकटून बघा. केबल सगळ्या नवीन. चाकाच्या बेअरिंगमधलं मेणासारखं झालेलं ग्रीस धुऊन नवीन भरा. टायरवर चार आकडी शिक्का असतो: २३०८ म्हणजे २००८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी तडकलेला टायर बदला. जुन्या जावाचे १६ इंची टायर अजून मिळतात.

आता किक

उघड्या जागेत, बंद खोलीत नाही. बाजूला वाळूची बादली ठेवा. टाकी लावण्याऐवजी पहिल्यांदा एका बाटलीतून नळीने पेट्रोल द्या. दोन-स्ट्रोकला लिटरमागे ४० मिलिलिटर टू-टी ऑइल, नीट हलवून. हाताशी जाड फडकं ठेवा. रेस आपोआप चढू लागली तर चावी बंद करा, तरी थांबली नाही तर फडक्याने कार्बोरेटरचं तोंड दाबा. हवा बंद झाली की इंजिन थांबतं.

चोक द्या, दोन-तीन वेळा सावकाश फिरवा, मग चावी लावून पूर्ण किक. पहिल्यांदा लागली की धुराचा लोट येईल, आत ओतलेलं तेल जळतं आहे. मिनिटभर चालवा, बंद करा, थंड होऊ द्या, गळती बघा. असं चार-पाच वेळा केल्यावर प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर हवा ओढते आहे, तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त येतं आहे.

विमा, पीयूसी, नूतनीकरण आणि हाय-सिक्युरिटी नंबर प्लेट हे झाल्यावर रस्ता. नवीन पिस्टन असेल तर पहिले ५०० किलोमीटर पूर्ण रेस नको, सलग लांब पल्ला नको, जोतिबाचा घाट तर नकोच. पहिल्या फेरीनंतर इंजिनाचे आणि हँडलचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

रंगाचं काम या सगळ्यानंतर, आणि शक्य असेल तर नकोच. मूळ रंगावरचे ओरखडे डिझेलच्या बोळ्याने पुसून, मेण लावून राहू द्या. हाताने ओढलेली ती सोनेरी रेघ एकदा घासली की परत तशी येत नाही. क्रोमवरचा हलका गंज ओल्या ॲल्युमिनियम फॉइलने निघतो.

जूनमध्ये पावसाने गाडी परत उभी करायची वेळ आली तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा, टाकी काठोकाठ भरा, बॅटरी काढून घरात ठेवा, प्लगच्या भोकातून दोन चमचे तेल सोडा. दर पंधरा दिवसांनी प्लग काढून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचे बोळे कोंबा आणि चावीला चिठ्ठी बांधा, म्हणजे चालू करताना ते काढायचं लक्षात राहील.